आकडा टाकायची अधिकृत जागा

बांबूच्या टोकाला वाकवलेली तार बांधायची, अंधार पडल्यावर ती विजेच्या तारेवर अलगद अडकवायची आणि सकाळी लाइनमन फिरकायच्या आत काढून घ्यायची. ज्यांनी हे पाहिलं आहे त्यांना 'आकडा' या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. २००३च्या वीज कायद्यातलं कलम १३५ अशाच चोऱ्यांसाठी आहे. गंमत म्हणजे या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली २६ मे २००३ रोजी, आणि लगेच दुसऱ्या दिवशी, २७ मेला, मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती जगापुढे ठेवली. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण वर्डप्रेसचं सगळं वैभव आकडे टाकण्यावरच उभं आहे. फरक इतकाच की इथे तारेवर आकडा कुठे टाकायचा त्या जागा मालकानेच खुणा करून ठेवल्या आहेत. प्रोग्रामर त्यांना 'हुक' म्हणतात. मी या पुस्तकात दोन्ही शब्द वापरले आहेत आणि आकड्याकडे माझा कल जास्त आहे, हे आधीच कबूल करतो.

पुस्तकाचा विषय एका बटणाएवढा आहे. संपादक लेख वाचतो, मथळा ठीक करतो आणि 'प्रकाशित करा' हे बटण दाबतो. त्या क्षणानंतर काय काय आपोआप व्हायला हवं? वर्गणीदारांना मेल, टेलिग्रामवर दुवा, मुखपृष्ठाची साठवून ठेवलेली शिळी प्रत पुसून ताजी करणं, शोधयंत्राला वर्दी, लेखकाला 'आपला लेख आला' असा निरोप, मानधनाच्या वहीत एक नोंद. वर्तमानपत्राच्या कचेरीत उपसंपादक 'पान सोडलं' म्हणायचा तेव्हा त्याचं काम संपायचं. पुढे प्लेट, छपाई, गठ्ठे, पहाटेची एसटी ही साखळी त्याला न विचारता चालायची. संकेतस्थळावर ती साखळी आपण स्वतः लिहायची असते, पीएचपीच्या दहा-वीस ओळींत. त्या ओळी कुठे टांगायच्या आणि टांगल्यावर त्या कधी, कितीदा आणि कोणाच्या नावाने धावतात, एवढंच या पुस्तकात आहे.

'एवढंच' हा शब्द मी पहिल्या खर्ड्यात सहज लिहिला होता. आता तो जरा घाबरत ठेवतो आहे.

सुरुवातीच्या काळात अशा टांगणीची सोयच नव्हती. वर्डप्रेस ज्याच्यातून निघालं ते मिशेल वाल्ड्रिगी यांचं बीटू हे छोटं सॉफ्टवेअर. त्यात फेरफार करायचा तर मूळ फाइल उघडायची आणि मधोमध आपल्या ओळी घुसडायच्या. नवी आवृत्ती चढवली की आपली कारागिरी पुसली जायची. 'माय-हॅक्स' नावाची एक वेगळी फाइल ठेवून त्यावर थोडा तोडगा निघाला. पण खरी सुटका झाली मे २००४ मध्ये, आवृत्ती १.२ बरोबर प्लगइन आले तेव्हा. मूळ कोडमध्ये ठिकठिकाणी एकेक ओळ आली, तिचा अर्थ साधारण असा: 'मी इथवर पोचलो आहे, कोणाला काही करायचं असेल तर आत्ता करा.' त्याच महिन्यात मूव्हेबल टाइप या तेव्हाच्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्याने परवान्याचे दर आणि अटी बदलल्या आणि वैतागलेल्या लोकांचा लोंढा वर्डप्रेसकडे वळला. वर्डप्रेस त्या लोंढ्यामुळे वाढलं असं इतिहास सांगतो. मला वाटतं, आलेले लोक टिकले ते आकड्यांमुळे. आज जगातली चाळीस टक्क्यांहून जास्त संकेतस्थळं वर्डप्रेसवर चालतात आणि त्यांतली क्वचितच दोन सारखी वागत असतील.

आकड्यांच्या दोन जाती आहेत. एक 'अ‍ॅक्शन': अमुक घडलं आहे अशी हाळी येते, आपण आपलं काम करायचं आणि गप्प बसायचं. दुसरी 'फिल्टर', म्हणजे चाळणी: मजकूर आपल्या हातात येतो, आपण तो निवडून-पाखडून पुढच्याच्या हातात द्यायचा. नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे चाळून झाल्यावर पीठ परत द्यायलाच विसरणं. मग लेखाचं पान उघडतं, मथळा दिसतो आणि खाली पांढरं फटक. एकाच आकड्यावर अनेकांनी कामं टांगली असतील तर रांग लागते. रांगेतला क्रम एका आकड्याने ठरतो (हा आकडा म्हणजे गणितातला), आणि काही सांगितलं नाही तर तो दहा धरला जातो. लहान आकडा आधी, मोठा नंतर. ज्याला सर्वांच्या शेवटी धावायचं असतं तो नऊशे नव्व्याण्णव लिहितो, आणि मग दुसऱ्या कोणाच्या प्लगइनमध्ये नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव सापडतो. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या पानावर बसण्यासाठी एवढी चढाओढ मी कधी पाहिली नाही.

ही सगळी माहिती कुठेही मिळते. तिच्यासाठी पुस्तक लिहायची गरज नव्हती. पुस्तक लिहावंसं वाटलं ते एका दुपारमुळे.

एका साप्ताहिकाच्या संकेतस्थळाचं काम माझ्याकडे होतं. नवा लेख आला की वर्गणीदारांना मेल जावा, ही सोय मी 'पब्लिश पोस्ट' नावाच्या आकड्यावर टांगली. नावच सांगतं ना, लेख प्रकाशित झाला की हा चालतो. तीन महिने सुरळीत गेले. मग एके दिवशी कचेरीतल्या मुद्रितशोधकांनी जुन्या लेखांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला घेतले. एकेक लेख उघडायचा, वेलांटी बदलायची, 'अद्ययावत करा' दाबायचं. त्यांचा कामाचा उरक दांडगा. संध्याकाळपर्यंत प्रत्येक वर्गणीदाराच्या पेटीत तीन महिन्यांपूर्वीच्या लेखांचे चाळीसेक मेल जमा झाले होते. एका गृहस्थांनी अत्यंत नम्रपणे कळवलं की हा लेख त्यांनी जूनमध्येच वाचला आहे आणि तेव्हाही आवडला होता.

चूक कोडच्या व्याकरणात नव्हती, ती माझ्या मराठीत होती. 'प्रकाशित झाला' हे मी घटना म्हणून वाचलं. वर्डप्रेसच्या लेखी ती अवस्था आहे. लेख कच्चा असतो, तपासणीच्या प्रतीक्षेत असतो, पुढच्या तारखेला लावलेला असतो, खासगी असतो, कचऱ्यात असतो किंवा प्रकाशित असतो. प्रत्येक वेळी लेख जतन झाला की तो एका अवस्थेतून दुसरीत गेला अशी हाळी दिली जाते, आणि प्रकाशित लेखात वेलांटी बदलली तरी तो 'प्रकाशित'मधून 'प्रकाशित'मध्ये गेला असं धरून तोच आकडा पुन्हा चालतो. छापखान्यात अंक एकदाच छापला जातो, म्हणून आपल्या भाषेत प्रकाशन ही एकदाच होणारी गोष्ट आहे. तिचे समारंभ होतात, नारळ फुटतो. संकेतस्थळावर नारळ दर दुरुस्तीला फुटतो. हे एक वाक्य डोक्यात बसलं तर पुस्तकाची निम्मी पानं वाचली नाहीत तरी चालेल.

यावरचा उपाय सोपा दिसतो. 'ट्रान्झिशन पोस्ट स्टेटस' नावाचा दुसरा आकडा आहे. तो नवी अवस्था, जुनी अवस्था आणि लेख अशा तीन गोष्टी हातात देतो. नवी 'प्रकाशित' आहे आणि जुनी 'प्रकाशित' नव्हती, एवढं तपासलं की काम झालं. पण इथेही दोन खड्डे आहेत. आकडा टाकताना 'मला तिन्ही गोष्टी हव्यात' असं स्पष्ट लिहावं लागतं. नाही तर एकच हाती येते आणि कार्यक्रम जागेवर कोसळतो. आणि क्रम नवी आधी, जुनी नंतर असा आहे. माणसाचं मन कालानुक्रमे चालतं, म्हणून पुष्कळ जण तो उलटा लिहितात. अशा कोडमधून लेख प्रकाशित झाल्यावर काहीच होत नाही आणि संपादकाने घाबरून लेख मागे घेतला की त्याच क्षणी सर्वांना मेल जातो. वादग्रस्त लेखाच्या बाबतीत हे झालं तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

शिवाय अवस्था तपासणं पुरेसं नसतंच. लेख खासगी करून पुन्हा खुला केला, कचऱ्यातून काढून परत लावला, की तो नव्याने प्रकाशित झाला असंच दिसणार. म्हणून माझा नियम असा, की बाहेर जाणारं कोणतंही काम करण्याआधी त्या लेखावर आपली खूण आहे का ते पाहायचं. नसेल तर खूण करायची आणि मग काम करायचं. निवडणुकीत बोटाला शाई लावतात, तसं. शाई दिसली की परत पाठवायचं, मतदार कितीही ओळखीचा असो.

'सेव्ह पोस्ट' या आकड्यावर मी एक अख्खं प्रकरण खर्चलं आहे, कारण आंतरजालावर मिळणारी बहुतेक उदाहरणं त्याच्यावर टांगलेली असतात आणि तो सर्वांत चंचल आहे. संपादक नुसता लिहीत बसला असला तरी साधारण दर मिनिटाला मजकूर आपोआप जतन होतो, जुन्या आवृत्तीची प्रत निघते, आणि या प्रत्येक जतनाला हा आकडा चालू शकतो. त्यात आपला कोड लेखातच काही दुरुस्ती करून तो पुन्हा जतन करत असेल, तर ते जतन पुन्हा आकडा चालवतं, आकडा पुन्हा जतन करतो. समोरासमोर ठेवलेल्या दोन आरशांत न्हाव्याच्या दुकानात दिसतात तशी अंतहीन डोकी दिसू लागतात आणि सर्व्हर मान टाकतो. आपलं काम करण्यापुरता आपलाच आकडा काढून ठेवायचा आणि नंतर परत टाकायचा, हा यावरचा उपाय. गावाकडचे लोक तेच करत आले आहेत.

डिसेंबर २०१८ मध्ये आवृत्ती ५.० आली आणि तिच्याबरोबर ठोकळ्यांचा नवा संपादक, म्हणजे लेख लिहायचा नवा पडदा, आला. लेखकांनी त्याच्या दिसण्यावरून भांडणं केली. आकडे टाकणाऱ्यांची पंचाईत वेगळीच होती. जुना संपादक मथळा, मजकूर, वर्ग, चित्र हे सगळं एका अर्जात भरून एकदम पाठवायचा. नवा संपादक ज्या मार्गाने लेख पाठवतो त्यात आधी लेख नोंदवला जातो आणि मग मुख्य चित्र, वर्ग, इतर नोंदी एकामागून एक चिकटवल्या जातात. आपला आकडा पहिल्याच पायरीला चालतो. परिणाम? समाजमाध्यमावर दुवा जातो पण चित्राशिवाय. 'कविता' या वर्गाच्या लेखांनाच मेल जावा अशी अट घातली, तर मेल जातच नाही, कारण त्या क्षणी लेखाला तो वर्ग अजून चिकटलेला नसतो. संपादक पडद्यावर बघतो तर वर्गही आहे आणि चित्रही आहे. प्रोग्रामर म्हणतो माझा कोड बरोबर आहे. दोघंही खरं बोलत असतात. डिसेंबर २०२०च्या ५.६ आवृत्तीत 'आफ्टर इन्सर्ट पोस्ट' हा आकडा आला, जो सगळं चिकटवून झाल्यावर चालतो. आज कोणी मला एकच आकडा सुचवायला सांगितला तर मी हाच सुचवीन.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. आकड्यावरचं काम बाजूला कुठे तरी होत नसतं. बटण दाबल्यापासून पडद्यावर उत्तर येईपर्यंतच्या वेळातच ते होतं आणि संपादक तोवर थांबलेला असतो. पाच मेल असतील तर कोणाला कळत नाही. पाच हजार असतील तर पीएचपीची ठरावीक मुदत, जी मुळात तीस सेकंदांची असते, संपते आणि काम अर्ध्यावर तुटतं. तोवर लेख नोंदवला गेलेला असतो, वाचकांना दिसूही लागलेला असतो, पण संपादकाला मात्र प्रकाशन फसल्याचा लाल संदेश येतो. तो बिचारा बटण पुन्हा दाबतो. शाईची खूण नसेल तर पहिल्या दोन हजारांना दुसरा मेल. म्हणून बटणाच्या आकड्यावर फक्त चिठ्ठी टाकायची, 'या लेखाचं काम बाकी आहे' एवढीच, आणि खरं काम मागून सवडीने, तुकड्यातुकड्याने करायचं. या चिठ्ठ्यांच्या रांगेबद्दलचं प्रकरण कंटाळवाणं आहे. तरी ते गाळू नका.

सवडीने म्हणजे कधी, हाही प्रश्नच आहे. वर्डप्रेसला स्वतःचं घड्याळ नाही. कोणी पाहुणा आला की ते जागं होतं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतं आणि राहिलेली कामं उरकतं. दिवाळी अंकाचं संकेतस्थळ चालवणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवं. नरकचतुर्दशीच्या पहाटे सहाला पहिली कथा झळकावी म्हणून रात्री वेळ लावून संपादक झोपतात. पहाटे सगळं गाव उटणं आणि पणत्यांत. सात वीसला पहिला वाचक येतो, तेव्हा कुठे संकेतस्थळ डोळे चोळत कथा प्रकाशित करतं. त्यात कालविभाग कोलकाता असा निवडलेला नसेल तर सहाची कथा साडेअकराला येते, कारण घड्याळ ग्रिनिचचं आणि आपण साडेपाच तास पुढे. भरीला भर म्हणजे वेळ लावलेला लेख प्रकाशित होतो तेव्हा कोणी माणूस आत शिरलेला नसतो. 'हे करणाऱ्याला तसा अधिकार आहे का' अशी तपासणी कोडमध्ये असेल तर उत्तर 'नाही' येतं, आणि मेल न जाता सगळं निमूट संपतं. दिवसा हाताने बटण दाबून पाहावं तर सगळं ठणठणीत. ज्यांना सर्व्हरवर हात घालता येतो त्यांनी खरं क्रॉन, म्हणजे सर्व्हरचं स्वतःचं गजराचं घड्याळ, लावून दर पाच मिनिटांनी संकेतस्थळाला हलवून जागं करावं. ते कसं, याला पुस्तकात दीड पान पुरलं आहे.

देवनागरीचा एक घोटाळा इथेच सांगतो, कारण तो इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. लेखाच्या मथळ्यातून वर्डप्रेस त्याचा पत्ता बनवतं आणि पत्त्यासाठी दोनशे चिन्हांची जागा ठेवतं. रोमन अक्षर एक चिन्ह खातं. देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जातो, म्हणजे एका अक्षराला नऊ. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळ्यांचं भाडं वेगळं. दोनशेत अशी बावीस बसतात. 'महाराष्ट्रातील धरणांची पाणीपातळी' असा मथळा दिला तर पत्ता 'महाराष्ट्रातील-धरणांची-प' इथे तुटतो. पुढच्या आठवड्यात 'महाराष्ट्रातील धरणांची परिस्थिती' लिहिलं तर पत्ता तोच निघतो, मग वर्डप्रेस शेपटी छाटून दोनचा आकडा लावतं. लेख नोंदवण्याआधीच्या चाळणीत मथळ्याऐवजी आपण ठरवलेला आटोपशीर पत्ता घालणं हा या पुस्तकातला माझा सर्वांत लाडका कोड आहे. मात्र लेख एकदा लोकांच्या हाती गेल्यावर पत्त्याला हात लावू नये. त्यासाठी कोडमध्ये एक अट आहे, ती काढू नका.

शेवटची दोन प्रकरणं उंबरठ्याबाहेरची. आपल्याकडे काही प्रकाशित झालं हे दुसऱ्या यंत्राला कळवण्याची रीत जुनी आहे. डेव्ह वायनर यांच्या वेब्लॉग्ज डॉट कॉमला 'पिंग' करायचं, की आपलं नाव ताज्या यादीत यायचं. मग खोट्या पिंगांचा असा पूर आला की दाराची घंटा कोणी ऐकेना. २०२३ मध्ये गुगलनेही साइटमॅप बदलल्याची पिंग ऐकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. दरम्यान जेफ लिंडसे यांनी २००७ मध्ये 'वेबहुक' हा शब्द रूढ केला: सगळ्या जगाला हाळी घालण्यापेक्षा ज्याने मागितलं त्याच्याच पत्त्यावर निरोप पाठवायचा. निरोपावर गुप्त किल्लीची सही असावी, पोचला नाही तर पुन्हा पाठवावा, आणि पुन्हा पोचला तर घेणाऱ्याने दोनदा काम करू नये, हे तीन संकेत पाळले तर बाकी सगळं तपशिलाचं काम आहे. ड्रुपल आणि इतर यंत्रणांबद्दल मी फार लिहिलेलं नाही. ज्या तारेवर मी स्वतः चढलो नाही तिच्याबद्दल सल्ला देत नाही.

पुस्तक कोणासाठी? ज्याला पीएचपी थोडंफार वाचता येतं आणि एखादं मराठी संकेतस्थळ ज्याच्या गळ्यात पडलं आहे, त्याच्यासाठी. असे लोक पुष्कळ आहेत. ग्रंथालयात, साहित्य संस्थेत, शाळेत, 'तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना' या एका वाक्यावर नेमले गेलेले. हल्ली दहा ओळींचा कोड मागितला की यंत्रही लिहून देतं आणि तो बहुधा चालतो. तो कोणत्या आकड्यावर टांगला आहे, हे बघायची सवय या पुस्तकाने लागली तर मला माझे चाळीस मेल वसूल झाले असं वाटेल.

पहिलं प्रकरण सुरू करण्यापूर्वी दोन कामं करा. संकेतस्थळाची पूर्ण प्रत घेऊन ती वेगळ्या जागी उभी करा, आणि त्या प्रतीतली वर्गणीदारांची यादी रिकामी करून तिथे फक्त स्वतःचा पत्ता लिहा. कोड लिहाल तो थीमच्या फाइलमध्ये नको, वेगळ्या प्लगइनमध्ये लिहा. थीम बदलली की तिच्यातले आकडेही जातात. मग एक खोटा लेख प्रकाशित करा, त्यातली एक वेलांटी बदला, पुन्हा जतन करा, आणि तुमच्या पेटीत किती मेल आले ते मोजा.